पास देणाऱ्याकडे बोट

7 एप्रिल 2008, सोमवारची रात्र. टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओत अमेरिकी कॉलेज बास्केटबॉलचा अंतिम सामना रंगला होता. एका बाजूला कॅन्सस, दुसऱ्या बाजूला मेम्फिस. प्रेक्षकांत पांढऱ्या केसांचे एक सत्तावन्न वर्षांचे गृहस्थ बसले होते. टीव्हीचा कॅमेरा त्यांच्यावर स्थिरावला आणि तिकडे दूर नॉर्थ कॅरोलायनात घरोघरी लोक चरफडले. गृहस्थांच्या शर्टावर एक छोटं गोल स्टिकर होतं, त्यावर कॅन्सस विद्यापीठाचं बोधचिन्ह असलेला जेहॉक हा काल्पनिक पक्षी. आणि ते गृहस्थ होते नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाचे मुख्य प्रशिक्षक रॉय विल्यम्स.

दोनच दिवसांपूर्वी, शनिवारी, याच मैदानावर उपांत्य सामन्यात कॅन्ससनं विल्यम्स यांच्या संघाला 84-66 असं लोळवलं होतं. पहिल्या सत्रात तर एक वेळ अशी आली होती की फलकावर 40-12 दिसत होतं. शनिवारी ज्यांनी धूळ चारली, सोमवारी त्यांचाच बिल्ला छातीवर! पगार आमचा आणि टाळ्या त्यांना, हे कसं खपवून घ्यायचं, असा कॅरोलायनाच्या चाहत्यांचा सवाल होता.

त्या सवालाचं उत्तर द्यायचं तर जवळजवळ सव्वाशे वर्षं मागं जावं लागतं.

गाण्यात घराण्याचं नाव एका गावाचं आणि त्याची भरभराट दुसऱ्याच गावी, असं आपल्याकडे झालेलं आहे. जयपूर घराण्याचे अल्लादिया खाँ कोल्हापूर दरबारी आले आणि ती गायकी कोल्हापुरात नि मुंबईत फुलली. अमेरिकी बास्केटबॉलमध्येही असंच एक घराणं आहे. त्याचा मूळपुरुष म्हणजे खुद्द खेळाचा जनक. डिसेंबर 1891 मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डच्या वायएमसीए प्रशिक्षण संस्थेत जेम्स नेस्मिथ या कॅनडातून आलेल्या शिक्षकानं पीचची फळं ठेवायच्या दोन टोपल्या व्यायामशाळेच्या कठड्याला ठोकल्या, तेरा नियम लिहून काढले आणि थंडीत कोंडलेल्या पोरांना एक नवा खेळ दिला. वायएमसीएच्याच वाटेनं तो पुढे जगभर गेला, आपल्या मुंबईच्या नागपाड्यातही येऊन रुजला. नेस्मिथ मात्र 1898 मध्ये कॅन्सस विद्यापीठात, लॉरेन्स नावाच्या छोट्या गावी गेले. तिथं त्यांनी संघ उभा केला, त्यांची कारकीर्द 55 विजय आणि 60 पराभव अशी राहिली. ज्यानं खेळ शोधला, तोच कॅन्ससच्या इतिहासातला एकमेव असा प्रशिक्षक, ज्याच्या पराभवांची संख्या विजयांहून जास्त आहे!

नेस्मिथ यांचा पट्टशिष्य फॉरेस्ट ॲलन. सगळे त्यांना फॉग म्हणत. असं सांगतात की दुसऱ्या एका कॉलेजनं ॲलनला प्रशिक्षक म्हणून बोलावलं, तेव्हा नेस्मिथ यांना हसू आलं. बास्केटबॉल हा काय शिकवायचा विषय आहे, तो नुसता खेळायचा असतो, असं त्यांचं मत. शिष्यानं ते खोटं ठरवण्यात आयुष्य घालवलं. 1907 ते 1909 ॲलन यांनी कॅन्ससचा संघ सांभाळला, मग ते हाडवैद्यकीसारखी ऑस्टिओपॅथी शिकायला गेले आणि 1919 मध्ये परत आले ते 1956 पर्यंत हलले नाहीत. म्हणजे सोडून जाणं आणि जुन्या संघाकडे परतणं, ही या घराण्यातली जुनीच रीत.

ॲलन यांच्या हाताखाली 1952 मध्ये कॅन्ससनं राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. त्या संघात बाकावर बसणारा, गणित शिकणारा एक मुलगा होता, कॅन्ससमधल्याच एम्पोरिया गावचा. त्याचं नाव डीन स्मिथ. खेळाडू म्हणून त्याची कुणी नोंद घेतली नसती, पण बाकावर बसून तो ॲलन यांचं सगळं टिपत होता. हाच मुलगा पुढे नॉर्थ कॅरोलायनाच्या चॅपेल हिलला साहाय्यक म्हणून गेला, 1961 मध्ये मुख्य प्रशिक्षक झाला आणि 1997 पर्यंत तिथंच राहिला. 879 विजय. कॅन्ससचं बी, कॅरोलायनाची माती.

इथं एक गोष्ट आपल्या वाचकासाठी सांगायला हवी. कॉलेजच्या संघात खेळाडू साधारण चार वर्षं राहतो. चेहरे सतत बदलत असतात. टिकून राहतो तो कोच. म्हणून तिथं गाव कोचवर जीव टाकतं, त्याच्यावर रुसतं, त्याच्या नावानं क्रीडागृहं बांधतं. दर मार्चमध्ये साठाहून अधिक संघांची बाद फेरीची राष्ट्रीय स्पर्धा होते. शेवटी उरलेल्या चार संघांना ‘फायनल फोर’ म्हणतात आणि तिथवर पोचणं हीच मोठी मिरासदारी मानली जाते. कॅरोलायनातली ही मंडळी स्वतःला ‘टार हील’ म्हणवतात, म्हणजे डांबर लागलेल्या टाचांचे. पाइनच्या झाडांपासून डांबर काढणं हा त्या राज्याचा जुना धंदा, त्यावरून पडलेलं हे नाव ते आता अभिमानानं मिरवतात.

रॉय विल्यम्स असाच डांबरी टाचांचा. जन्म 1950 चा, डोंगराळ पश्चिम कॅरोलायनातला. बालपण ॲशव्हिलमध्ये गेलं. वडील दारूच्या आहारी गेलेले, घर सोडून गेलेले. आई गिरणीत काम करायची आणि वर लोकांच्या कपड्यांना इस्त्री करून द्यायची. पोरं बास्केटबॉल खेळून दमली की पेट्रोलपंपावरच्या दुकानात जाऊन कोका-कोला प्यायची. रॉय नळाचं पाणी प्यायचा. आईला हे कळलं. दुसऱ्या दिवसापासून स्वयंपाकघरातल्या टेबलावर रोज दहा सेंटचं एक नाणं दिसू लागलं, कोलापुरतं. त्या माउलीला एका शर्टाच्या इस्त्रीचे तेवढेच मिळत. पुढे विल्यम्स लक्षाधीश झाले, पण घरातल्या फ्रिजमध्ये कोका-कोला कायम भरलेला असायचा आणि त्यामागची गोष्ट ते कधी लपवत नसत.

शाळेतल्या एका कोचनं या पोराला जवळ केलं आणि रॉयनं ठरवून टाकलं की आपल्याला हेच व्हायचंय. चॅपेल हिलला तो पहिल्या वर्षाच्या संघात खेळला, पण त्याची उडी तिथवरच. मग तो डीन स्मिथ यांच्या सामन्यांची आकडेवारी लिहायला लागला, सरावाला बसून वहीत टिपणं काढायला लागला. गुरूनं एकेकाळी ॲलन यांच्या बाकावर बसून जे केलं, तेच.

पदवी झाली, पाच वर्षं डोंगरातल्या एका शाळेत प्रशिक्षकाची नोकरी झाली. 1978 मध्ये स्मिथ यांनी बोलावलं. जागा अर्धवेळ, पगार वर्षाला 2,700 डॉलर. पदरी बायको, लहान मूल. विल्यम्स यांनी शाळेतली पक्की नोकरी सोडली आणि निघाले. घर चालावं म्हणून ते उन्हाळ्यात राज्यभर फिरून संघाची कॅलेंडरं विकायचे, रविवारी पहाटे उठून प्रशिक्षकांच्या टीव्ही कार्यक्रमाच्या टेपा गाडीत घालून गावोगावच्या केंद्रांवर पोचवायचे.

स्मिथ यांचा संघ म्हणजे एक शिस्तीची शाळा होती. दमलेल्या खेळाडूनं मूठ वर करायची, म्हणजे त्याला बाहेर घेतलं जाई. बाकावरच्यांनी बाहेर येणाऱ्याला उभं राहून दाद द्यायची. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ज्यानं बास्केट केलं, त्यानं पास देणाऱ्याकडे बोट दाखवायचं. गुण फलकावर तुझ्या नावे लागले, पण चेंडू तुझ्या हाती कुणी आणून दिला? आज जगभरच्या मैदानांवर हे बोट दिसतं, त्याचं माहेर चॅपेल हिल.

1982 मध्ये न्यू ऑर्लिन्सच्या सुपरडोममध्ये स्मिथ यांना पहिलं राष्ट्रीय विजेतेपद मिळालं. सहा वेळा फायनल फोरपर्यंत जाऊन हात हलवत परतल्यावर सातव्या खेपेला. शेवटची काही सेकंद उरली असताना पहिल्या वर्षाच्या मायकेल जॉर्डनचा फटका जाळीत गेला आणि जॉर्जटाउनवर 63-62 अशी सरशी झाली. जग त्या रात्रीला जॉर्डनची रात्र म्हणतं. मला तिथं दुसरंच काही दिसतं. मुख्य प्रशिक्षक स्मिथ, साहाय्यकांच्या खुर्च्यांवर बिल गथ्रिज आणि रॉय विल्यम्स, मैदानावरच्या पाचांत मॅट डोहर्टी. कॅरोलायनाचा संघ 1961 पासून 2021 पर्यंत ज्या चौघांनी चालवला, ते चौघंही त्या रात्री एका छपराखाली होते.

1988 मध्ये कॅन्ससची जागा रिकामी झाली. स्मिथ यांचाच जुना खेळाडू लॅरी ब्राउन तिथं विजेतेपद मिळवून निघून गेला होता. स्मिथ यांनी आपल्या मातृसंस्थेला नाव सुचवलं ते विल्यम्स यांचं, ज्यांनी कधीही कॉलेजचा संघ मुख्य प्रशिक्षक म्हणून चालवला नव्हता. क्रीडासंचालक बॉब फ्रेडरिक यांनी ते मान्य केलं. लॉरेन्सच्या लोकांना नावही माहीत नव्हतं. भरीस भर म्हणजे ब्राउन यांच्या काळातल्या नियमभंगाची शिक्षा याच सुमारास लागू झाली आणि गतविजेत्या कॅन्ससला 1989 च्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरायलाच बंदी झाली. आंबा दुसऱ्यानं खाल्ला, कोय विल्यम्स यांच्या हाती आली.

तिसऱ्याच हंगामात त्यांनी कॅन्ससला फायनल फोरमध्ये नेलं. आणि उपांत्य सामन्यात समोर कोण? डीन स्मिथ. 1991 सालचं इंडियानापोलिस. शिष्याचा संघ 79-73 असा जिंकला. त्या सामन्याच्या अखेरीस पंचांनी स्मिथ यांना दुसरा टेक्निकल फाउल देऊन बाहेर काढलं. बाहेर पडताना साठी गाठलेला गुरू कॅन्ससच्या बाकाकडे वळला, त्यानं शिष्याशी आणि त्याच्या मंडळींशी हस्तांदोलन केलं आणि मग तो बोगद्यातून निघून गेला. विल्यम्स यांना त्या विजयाचा आनंद कधी नीट साजरा करता आला नाही. दोन वर्षांनी, 1993 मध्ये, पुन्हा उपांत्य सामना, पुन्हा तेच दोघं. या वेळी स्मिथ 78-68 असे जिंकले आणि पुढे विजेतेही झाले. जागा होती न्यू ऑर्लिन्सचा सुपरडोम.

1997 मध्ये स्मिथ निवृत्त झाले. त्यांच्या जागी तीस वर्षं सावलीसारखे राहिलेले गथ्रिज आले. तेही मूळचे कॅन्ससचेच. तीन वर्षांत दोनदा फायनल फोर गाठून जून 2000 मध्ये त्यांनीही खुर्ची सोडली. आता सगळ्या चॅपेल हिलच्या मनात एकच नाव होतं. स्मिथ यांनी स्वतः शब्द टाकला. गुरूनं बोलावलं की शिष्यानं निघायचं, यात विचार तो काय करायचा?

विल्यम्स यांनी आठवडाभर विचार केला. 6 जुलै 2000 रोजी लॉरेन्सच्या फुटबॉल स्टेडियमवर सुमारे सोळा हजार माणसं जमली. सामना नव्हता, सण नव्हता. एका माणसाची पत्रकार परिषद मोठ्या पडद्यावर पाहायला आलेली ती गर्दी होती. विल्यम्स पडद्यावर दिसले आणि म्हणाले, मी राहतोय. स्टेडियम दुमदुमलं. ज्या पोरांना त्यांच्या घरी जाऊन, आईबापांसमोर बसून आपण आणलं, त्यांना मध्येच टाकून कसं जायचं, हा त्यांचा पेच होता. निक कॉलिसन आणि कर्क हाइनरिक यांचं तेव्हा पहिलंच वर्ष संपलं होतं. पण गुरूला नाही म्हणणं ही आपल्या आयुष्यातली सर्वांत अवघड गोष्ट होती, हे त्यांनी पुढे अनेकदा सांगितलं.

कॅरोलायनाला मग मॅट डोहर्टी मिळाले. 1982 च्या पाचांतले. विल्यम्स यांच्याच हाताखाली कॅन्ससमध्ये सात वर्षं घालवलेले, नॉत्र दाममध्ये मुख्य प्रशिक्षक म्हणून जेमतेम एका वर्षाचा अनुभव असलेले. त्यांनी आल्या आल्या जुन्या साहाय्यकांना बदलून आपली माणसं आणली आणि वाड्यातली जुनी मंडळी दुखावली. पहिलं वर्ष झोकात गेलं, 26 विजय आणि राष्ट्रीय पातळीवरचा सर्वोत्तम प्रशिक्षकाचा मान. दुसऱ्या वर्षी, 2001-02 मध्ये, 8 विजय आणि 20 पराभव. सलग 27 वर्षं राष्ट्रीय स्पर्धा खेळलेल्या घरात त्या मार्चमध्ये दिवा लागला नाही. डोहर्टी यांनी पुढच्या वर्षासाठी रेमंड फेल्टन, शॉन मे आणि रशाद मॅकँट्स असे हिरे शोधून आणले खरे, पण त्यांच्या कडक, चिडक्या वागण्याला खेळाडू विटले. 1 एप्रिल 2003 रोजी त्यांना राजीनामा द्यावा लागला. नात्यागोत्याच्या संस्थेत वारसाला कसं वापरलं जातं आणि कसं वाऱ्यावर सोडलं जातं, त्याचं हे उदाहरण. या सगळ्या गोष्टीत डोहर्टी यांच्या वाट्याला सहानुभूती कमीच आली.

आता तारखा पाहा. 1 एप्रिलला चॅपेल हिलची जागा रिकामी झाली आणि 5 एप्रिलला न्यू ऑर्लिन्समध्ये विल्यम्स यांच्या कॅन्ससला उपांत्य सामना खेळायचा होता. ड्वेन वेडच्या मार्केटला त्यांनी 94-61 असं उडवलं. 7 एप्रिलला अंतिम सामना, समोर सिरॅक्यूज आणि त्यांचा अठरा वर्षांचा कार्मेलो अँथनी. पंधरा वर्षांत विल्यम्स यांना कॅन्सससाठी विजेतेपद मिळालं नव्हतं. कॉलिसन आणि हाइनरिक यांचा हा शेवटचा सामना.

तो सामना कॅन्सस हरला ते कुणाच्या चमत्कारानं नव्हे, तर फ्री थ्रोंनी. समोर कुणी अडवणारा नाही, घाई नाही, पंधरा फुटांवरून निवांत टाकायचा चेंडू. असे तीस चेंडू कॅन्ससला मिळाले, त्यातले बाराच आत गेले. अठरा वाया. अंतर किती? तीन गुण. 81-78. अगदी शेवटी मायकेल ली कोपऱ्यातून तीन गुणांसाठी उडाला, तर सिरॅक्यूजच्या हकीम वॉरिकनं कुठूनशी झेप घेऊन तो चेंडू प्रेक्षकांत भिरकावला.

काही मिनिटांतच टीव्हीच्या वार्ताहर बाईंनी विल्यम्स यांच्यासमोर माइक धरला आणि कॅरोलायनाच्या नोकरीबद्दल विचारलं. रडवेल्या माणसाच्या डोक्यात तिडीक गेली. आत खोलीत तेरा पोरं बसलीत, त्यांच्यापुढे मला कॅरोलायनाची काडीइतकी पर्वा नाही, अशा अर्थाचं ते बोलले आणि तेही थेट प्रक्षेपणात छापता न येणाऱ्या शब्दात. ‘डॅडगम’ यापलीकडे शिवी न देणारे म्हणून ओळखले जाणारे विल्यम्स. लॉरेन्सच्या लोकांना वाटलं, झालं, आपला माणूस आपल्याकडेच राहिला.

पण लॉरेन्स आता 2000 सालचं राहिलं नव्हतं. ज्यांनी अनोळखी माणसावर डाव लावला, ते फ्रेडरिक पदावरून दूर झाले होते. नवे क्रीडासंचालक अल बोल यांच्याशी विल्यम्स यांचं जमत नव्हतं. 9 एप्रिलला विद्यापीठानं बोल यांना काढलं, तर बोल यांनी आपल्या घराच्या अंगणातच पत्रकारांना बोलावलं. कोचच्या मुठीत मी पारव्यासारखा होतो, त्याला मला उडू देता आलं असतं, त्यानं मूठ आवळली, असं ते म्हणाले. मुख्य प्रशिक्षकापुढे वरिष्ठ अधिकाऱ्यानं इतकी हार मान्य केल्याचं उदाहरण क्वचितच सापडेल.

स्मिथ यांनी पुन्हा शब्द टाकला होता. आणि या वेळी विल्यम्स यांच्या पायातली एक बेडी गळली होती. ज्यांना शब्द दिला, ती पोरं चार वर्षं पुरी करून निघाली होती. 14 एप्रिलला दुपारी त्यांनी लॉरेन्समध्ये खेळाडूंना एकत्र बोलावून सांगितलं. काही जण रागानं उठून गेले. त्या हंगामात ज्याचा उजवा खांदा निखळला होता, तो वेन सिमियन बाहेर येऊन म्हणाला की या माणसासाठी मी उजवा हात दिला होता, अक्षरशः. अमेरिकी इतिहासातल्या फितूर सेनापतीचं, बेनेडिक्ट अरनॉल्डचं, नाव जोडलेले टी-शर्ट गावात दिसायला लागले. तीन वर्षांपूर्वी स्टेडियम भरलं होतं, तेच हे गाव.

त्याच संध्याकाळी चॅपेल हिलला पत्रकार परिषद झाली. कॅरोलायनाच्या विद्यापीठगीतात माणसाचा जन्म, जोपासना आणि मरण अशा तिन्हींवर टार हीलपणाचा हक्क सांगितलेला आहे. विल्यम्स यांनी पहिला आणि शेवटचा हक्क मान्य केला. मधल्या जोपासनेपाशी ते थांबले आणि तिथं त्यांनी जेहॉकलाही जोडून घेतलं. जन्म टार हीलचा, मरण टार हीलचं, पण वाढलो दोघांच्या अंगणात. सभागृहात माहेरच्यांची गर्दी होती. तिथं सासरचं नाव इतक्या मायेनं घेणं सोपं नव्हतं. माझ्या लेखी त्यांच्या कारकिर्दीतला सर्वांत धीट क्षण तो आहे.

पुढची दोन वर्षं एखाद्या कादंबरीकारानं रचावी तशी गेली. विल्यम्स यांच्या हाती आलेला संघ डोहर्टी यांनी जमवलेला. जवाद विल्यम्स, जॅकी मॅन्युएल आणि मेल्विन स्कॉट हे तिघं त्या वीस पराभवांच्या वर्षातले नवखे. तिकडे कॅन्ससनं विल्यम्स यांच्या जागी इलिनॉयच्या बिल सेल्फ यांना आणलं. 2005 च्या अंतिम सामन्यात कॅरोलायनासमोर आला तो इलिनॉयच, सेल्फ यांनी जमवलेल्या पोरांचा. म्हणजे दोन्ही बाजूंना दुसऱ्यानं पेरलेलं पीक, कापणीला तिसरेच.

सामना सेंट लुइसला, मिसिसिपीच्या काठी. मिसिसिपीकाठच्या गावात मोठा सामना असला की नदीत थुंकून यायचं, म्हणजे नशीब साथ देतं, असा विल्यम्स यांचा शकुन. आपण नदीला नारळ वाहणारी माणसं, आपल्याला हे ऐकवत नाही, पण त्यांची श्रद्धा तशी. 4 एप्रिल 2005. शॉन मेचा त्या दिवशी एकविसावा वाढदिवस. त्यानं 26 गुण घेतले आणि कॅरोलायना 75-70 अशी जिंकली. पंधरा वर्षं कॅन्ससमध्ये जे हुलकावणी देत होतं, ते घरी परतल्यावर दुसऱ्याच वर्षी पदरात पडलं. तीन वर्षांपूर्वी वीस सामने हरून मान खाली घालून फिरलेली ती तीन पोरं आता जाळी कापत होती. पुढे 2009 मध्ये आणि 2017 मध्येही विजेतेपद आलं. स्मिथ यांची दोन होती, शिष्याची तीन झाली.

आता ते स्टिकर. 2008 मध्ये कॅरोलायनातले लोक रागावले, तेव्हा विल्यम्स यांनी माफी वगैरे मागितली नाही. तिथं पंधरा वर्षं काढली, ती माणसं माझी आहेत, एवढंच त्यांचं म्हणणं. ती तारीख नीट पाहा. 7 एप्रिल 2008. सिरॅक्यूजकडून हरलेल्या रात्रीला बरोबर पाच वर्षं झाली होती. त्या रात्री कॅन्ससनं मेम्फिसला जादा वेळेत 75-68 असं हरवून, विल्यम्स यांना न देता आलेलं विजेतेपद मिळवलं आणि त्यांनी ते डोळे भरून पाहिलं.

रागावलेल्या चाहत्यांना आणखी एक जुनी गोष्ट आठवायला हवी होती. 1957 च्या अंतिम सामन्यात कॅरोलायनानं विल्ट चेंबरलेनच्या कॅन्ससला तीन जादा डाव खेळून 54-53 असं हरवलं, तो त्यांच्या इतिहासातला सोन्याचा दिवस. त्या दिवशी कॅन्सस सिटीत हजर असलेला, हवाई दलाच्या अकादमीतला एक तरुण साहाय्यक प्रशिक्षक मनोमन कॅन्ससच्या विजयासाठी देव पाण्यात घालून बसला होता आणि त्यानं ते कॅरोलायनाच्या कोचला, फ्रँक मॅग्वायर यांना, तोंडावर सांगितलंही. मॅग्वायर यांनी पुढच्याच वर्षी त्याला आपल्या हाताखाली घेतलं. त्याचं नाव डीन स्मिथ. ज्याच्या नावाचं भव्य क्रीडागृह तुम्ही बांधलंत, त्यानंही एकदा कॅन्ससचाच बिल्ला लावला होता, फक्त शर्टाच्या आत.

या परतण्याला काळी किनारही आहे. चॅपेल हिलमध्ये 1993 ते 2011 या काळात असे काही अभ्यासक्रम चालले, ज्यांचे तास भरतच नसत, एक निबंध दिला की उत्तम श्रेणी. तीन हजारांहून जास्त विद्यार्थ्यांनी त्यांचा लाभ घेतला, त्यात खेळाडूंचं प्रमाण डोळ्यांत भरण्याजोगं होतं. विल्यम्स यांच्यावर ठपका आला नाही, 2017 मध्ये क्रीडा नियामक संस्थेनं विद्यापीठाला शिक्षाही केली नाही. पण ज्या घराच्या शुचितेचे गोडवे गायले जात होते, त्या घराच्या माळ्यावर काय होतं, हे सगळ्यांना दिसलं.

1 एप्रिल 2021 रोजी, डोहर्टी यांच्या राजीनाम्याला बरोबर अठरा वर्षं झाली त्या दिवशी, विल्यम्स निवृत्त झाले. कॅन्ससमध्ये 418 आणि कॅरोलायनात 485, असे एकूण 903 विजय. आता या कामाला मी योग्य माणूस राहिलो नाही असं वाटतं, हे कारण त्यांनी स्वतःच दिलं. खुर्ची मिळाली त्यांचे साहाय्यक ह्यूबर्ट डेव्हिस यांना, तेही स्मिथ यांचे जुने खेळाडू. वर्षभरातच अंतिम सामन्यात समोरासमोर आले ते कॅरोलायना आणि कॅन्सस. 16 गुणांची पिछाडी भरून काढत कॅन्सस 72-69 असा जिंकला. जागा सांगायलाच नको, न्यू ऑर्लिन्सचा सुपरडोम.

कॅन्ससच्या क्रीडागृहाला नाव ॲलन यांचं आहे आणि आतल्या मैदानाला नेस्मिथ यांचं. चॅपेल हिलला क्रीडागृह स्मिथ यांच्या नावाचं आणि 2018 पासून आतलं मैदान रॉय विल्यम्स यांच्या नावाचं. एका ठिकाणी शिष्याच्या छपराखाली गुरू, दुसऱ्या ठिकाणी गुरूच्या छपराखाली शिष्य.

स्मिथ 7 फेब्रुवारी 2015 रोजी गेले. अखेरची वर्षं स्मृतिभ्रंशात गेली होती. ज्यांना हजारो नावं, त्यांच्या बायकामुलांची नावं तोंडपाठ, त्यांना माणसं ओळखू येईनाशी झाली होती. त्यांच्या मृत्युपत्रात एक तरतूद निघाली: आपल्या संघातून खेळलेल्या प्रत्येक मानकरी खेळाडूला दोनशे डॉलरचा धनादेश पाठवावा, बाहेर जाऊन एक छान जेवण करण्यासाठी. जॉर्डनलाही दोनशे, बाकावरच्या पोरालाही दोनशे.

दोन आठवड्यांनी, 21 फेब्रुवारीला, चॅपेल हिलला जॉर्जिया टेकशी सामना होता. स्मिथ यांची एक जुनी चाल होती, ‘फोर कॉर्नर्स’. चार खेळाडू चार कोपऱ्यांत, पाचवा मधोमध चेंडू घेऊन. समोरच्याला धावायला लावत वेळ काढायचा. 1980 च्या दशकात फटक्यासाठी वेळेची मर्यादा आली आणि ही चाल संपली. मैदानावरची पोरं तेव्हा जन्मलीही नव्हती. सामना सुरू झाला, पहिला चेंडू कॅरोलायनाकडे आला, तेव्हा विल्यम्स बाजूरेषेवर उभे राहिले आणि त्यांनी एक हात उंच केला. चार बोटं. पोरं चार कोपऱ्यांत पांगली, चेंडू फिरू लागला, एक बचावपटू चुकला आणि ब्राइस जॉन्सननं मागून आत घुसून सहज बास्केट केलं.

एकाच डावापुरतं. मग नेहमीचा खेळ सुरू झाला. पण ज्यांना कळायचं त्यांना कळलं होतं. गुण लागले की पास देणाऱ्याकडे बोट दाखवायचं, हे शिष्य विसरला नव्हता. त्यानं तर चार दाखवली.